सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम: फलंदाजाचा किती आणि कर्णधाराचा किती?

धावफलक

२९ मार्च २००४ रोजी मुलतानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद असताना, गांगुलीच्या जागी नेतृत्व करणाऱ्या राहुल द्रविडने भारताचा डाव ५ बाद ६७५ वर घोषित केला, म्हणजे स्वतःहून थांबवला. पुढे दोन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, अँटिग्वात वेस्ट इंडिजचा डाव ५ बाद ७५१ वर घोषित झाला. तो घोषित करणारा कर्णधार ब्रायन लारा होता आणि नाबाद ४०० धावा काढणारा फलंदाजही तोच होता. मुलतानची कसोटी भारताने एक डाव आणि ५२ धावांनी जिंकली, अँटिग्वाची अनिर्णित राहिली. सचिनच्या त्या न झालेल्या सहा धावांवरून आपल्याकडे आजही वाद पेटतो. लाराच्या चारशेवर मात्र आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. हा धागा काढण्याचे कारण हेच आहे. सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा विक्रम आपण एका माणसाच्या नावावर मांडतो. पण त्याला तेवढा वेळ खेळू द्यायचे की नाही, हे बहुधा दुसराच कोणी ठरवत असतो, आणि फलंदाज स्वतःच कर्णधार असेल तर त्याला ते स्वतःशी भांडून ठरवावे लागते.

पुरुषांच्या कसोटीत हा विक्रम आजवर अकरा वेळा लिहिला गेला. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नच्या पहिल्यावहिल्या कसोटीत चार्ल्स बॅनरमनने १६५ धावा केल्या आणि बोटाला दुखापत झाल्यामुळे तो निवृत्त झाला. १८८४ मध्ये ओव्हलवर बिली मर्डॉकने २११ धावांचे पहिले द्विशतक केले. डिसेंबर १९०३ मध्ये सिडनीला टिप फॉस्टरने पदार्पणातच २८७ धावा काढल्या. पदार्पणातील सर्वोच्च धावसंख्या म्हणून ती खेळी अजूनही अबाधित आहे.

त्यापुढची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. एप्रिल १९३०, किंग्स्टनचे सबिना पार्क आणि एकोणचाळीस वर्षांचा अँडी सँडहॅम. सामन्याला दिवसांचे बंधन नव्हते, निकाल लागेपर्यंत खेळायचे ठरले होते. इंग्लंडने ८४९ धावा केल्या, त्यांत सँडहॅमच्या ३२५, म्हणजे कसोटीतील पहिले त्रिशतक. वेस्ट इंडिजचा डाव २८६ वर संपला, तरीही ५६३ धावांची आघाडी हातात असलेल्या कर्णधार कॅल्थॉर्पने फॉलोऑन न देता, म्हणजे त्यांना लगेच दुसरा डाव खेळायला न लावता, पुन्हा फलंदाजीच घेतली. वेस्ट इंडिजसमोर ८३६ धावांचे लक्ष्य आले, जॉर्ज हेडलीने २२३ धावा केल्या, आणि पावसाने दोन दिवस वाया गेल्यावर नवव्या दिवशी सामना अनिर्णित सोडून द्यावा लागला, कारण इंग्लंडच्या खेळाडूंना मायदेशी जाणारी बोट गाठायची होती. निकालापर्यंत खेळायचा सामना बोटीच्या वेळापत्रकाने संपवला! सँडहॅम त्यानंतर पुन्हा कसोटी खेळला नाही आणि त्याचा विक्रम तीन महिन्यांहून थोडाच अधिक टिकला. ११ जुलै १९३० रोजी लीड्सला एकवीस वर्षांच्या ब्रॅडमनने उपाहारापूर्वी शतक केले, चहापानापर्यंत २२० आणि दिवसअखेर ३०९ धावांपर्यंत मजल मारली, आणि दुसऱ्या दिवशी तो ३३४ वर बाद झाला.

१९३३ मध्ये ऑकलंडला वॉली हॅमंडने ३१८ मिनिटांत नाबाद ३३६ धावा केल्या. त्या डावातील दहा षटकारांचा विक्रम त्रेसष्ट वर्षे टिकला. ब्रॅडमनपेक्षा दोन धावा जास्त होताच डाव घोषित झाला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९३८ मध्ये ओव्हलवर लेन हटनने ३६४ धावा केल्या, तेव्हा हाच हॅमंड इंग्लंडचा कर्णधार होता. तोही सामना दिवसांचे बंधन नसलेलाच. हटन तेरा तास सतरा मिनिटे खेळला, इंग्लंडने डाव ७ बाद ९०३ पर्यंत लांबवला आणि गोलंदाजी करताना घोट्याला दुखापत झालेला ब्रॅडमन फलंदाजीला उतरूच शकला नाही. १९५८ मध्ये सबिना पार्कवर एकवीस वर्षांच्या गारफिल्ड सोबर्सने पाकिस्तानविरुद्ध नाबाद ३६५ धावा केल्या. ते त्याचे पहिलेच कसोटी शतक होते, आणि हटनला मागे टाकताच कर्णधार अलेक्झांडरने डाव ३ बाद ७९० वर घोषित केला. १९९४ मध्ये अँटिग्वात लाराच्या ३७५, ऑक्टोबर २००३ मध्ये पर्थला झिम्बाब्वेविरुद्ध मॅथ्यू हेडनच्या ३८० आणि सहा महिन्यांनी पुन्हा अँटिग्वात लाराच्या नाबाद ४००. गमावलेला हा विक्रम परत मिळवणारा लारा हा एकमेव फलंदाज आहे.

या अकरा सामन्यांपैकी पाच जिंकले गेले आणि सहा अनिर्णित राहिले. जुलै २०२५ मध्ये बुलावायोत दक्षिण आफ्रिकेचा हंगामी कर्णधार वियान मल्डर ३६७ वर नाबाद असताना त्याने दुसऱ्या दिवशी उपाहारालाच डाव घोषित केला. विक्रमासाठी ३४ धावा हव्या होत्या आणि तीन दिवसांहून अधिक खेळ शिल्लक होता. त्याने योग्य केले का? आपापली मते सविस्तर मांडावीत.

तिसरी स्लिप

लेख आवडला, पण मुलतान आणि अँटिग्वा यांची तुलना मला पटत नाही. मुलतानला मालिकेतील पहिलीच कसोटी होती, पाकिस्तानात भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटच्या सत्रात दमलेल्या सलामीवीरांवर काही षटके टाकण्याला अर्थ होता. अँटिग्वाला वेस्ट इंडिज मालिकेत ०-३ ने मागे होते. जमैकात त्यांचा डाव ४७ धावांत आटोपला होता. लारासमोर प्रश्न विजयाचा नव्हता. घरच्या मैदानांवर चारही कसोटी हरण्याची नामुष्की टाळायची होती. साडेसातशे धावा करून त्याने ती टाळली. इंग्लंडला फॉलोऑन मिळाला, दुसऱ्या डावात त्यांनी ५ बाद ४२२ केल्या. त्या खेळपट्टीवर आणखी एक दिवस मिळाला असता तरी वीस गडी बाद झाले असते, असे मला वाटत नाही. १९९४ मध्ये याच मैदानावर दोन्ही संघांच्या पहिल्या डावाची धावसंख्या बरोबर ५९३ अशी सारखीच झाली होती, यावरून तिथल्या खेळपट्टीचा स्वभाव ओळखावा.

शिवाय चारशेच्या खेळीचा एक क्षण विसरता येत नाही. ३७४ वर असताना लाराने गॅरेथ बॅटीला पुढे सरसावून षटकार मारला आणि हेडनची बरोबरी केली. पुढच्याच चेंडूवर गुडघा टेकून स्वीपचा चौकार. विक्रम दोन पावलांवर आला की मोठमोठे फलंदाज एकेक धाव चोरू लागतात. याने मात्र तो दोन फटक्यांत उरकला. कर्णधार म्हणून त्याच्यावर टीका जरूर करावी, रिकी पाँटिंगनेही ती केली होती, पण त्या दोन चेंडूंना स्वार्थ म्हणता येणार नाही.

ऑफस्पिन

सगळी चर्चा फलंदाज आणि कर्णधार यांच्यातच चालली आहे. या डावांत गोलंदाजीही कोणीतरी करत असतो, म्हणून एक सामना नोंदवतो.

ऑगस्ट १९९७, कोलंबोचे प्रेमदासा मैदान. भारताने ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला होता. डोंबिवलीचा उंचापुरा डावखुरा फिरकी गोलंदाज नीलेश कुलकर्णी पदार्पण करत होता. त्याच्या कसोटी कारकिर्दीतल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टू यष्टिरक्षक मोंगियाच्या हाती झेल देऊन परतला. असा पराक्रम करणारा तो पहिला भारतीय. श्रीलंका १ बाद ३९. त्यानंतर सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी तिसरा आणि चौथा असे दोन पूर्ण दिवस एकही गडी पडू दिला नाही. कुलकर्णीच्या खात्यावर शेवटी ७० षटकांत १९५ धावा आणि तोच एक बळी राहिला. राजेश चौहानने ७८ षटकांत २७६ धावा दिल्या, अनिल कुंबळेने ७२ षटकांत २२३. श्रीलंकेचा डाव ६ बाद ९५२ वर जाऊन थांबला आणि कसोटीतील सर्वोच्च सांघिक धावसंख्या म्हणून तो आकडा आजही उभा आहे.

चौथ्या दिवसअखेर जयसूर्या ३२६ वर होता आणि लाराच्या ३७५ साठी त्याला पन्नासच धावा हव्या होत्या. पाचव्या दिवशी सकाळी मैदान तुडुंब भरले, आणि ३४० वर चौहानच्या चेंडूवर सिली पॉइंटला गांगुलीने त्याचा झेल घेतला. ६१५ याच धावसंख्येवर महानामाही २२५ वर पायचीत झाला. ५७६ धावांच्या भागीदारीनंतर दोघेही एकाच आकड्यावर गेले! जयसूर्याला कोणीही घाई केली नव्हती, कर्णधाराने डाव घोषित करण्याचा प्रश्नच नव्हता, तरी विक्रम झाला नाही. तेव्हा वेळ मिळाला की विक्रम होतोच, असेही नाही. कुलकर्णी पुढे आणखी दोनच कसोटी खेळला आणि त्यांत त्याला एकच बळी मिळाला. त्या पहिल्या चेंडूची आठवण निघाली की मला त्याच्यापुढे उभी राहिलेली ती बाकीची षटकेच अधिक दिसतात.

वांद्रे पूर्व

धाग्याच्या शीर्षकात केवळ कसोटीचा उल्लेख नाही, म्हणून एकदिवसीय क्रिकेटकडे वळतो. एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक कोणाचे, असे विचारले तर आपल्यातील बहुतेक जण सचिन, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१० असे एका दमात सांगतील. पुरुषांच्या क्रिकेटपुरते ते बरोबर आहे. परंतु त्याच्या बारा वर्षे आधी, १६ डिसेंबर १९९७ रोजी, महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या होत्या. आणि ते मैदान होते आमच्या वांद्रे पूर्वेचे एमआयजी. ज्या साहित्य सहवासात सचिन लहानाचा मोठा झाला, तिथून ते हाकेच्या अंतरावर आहे. ऑस्ट्रेलियाने ३ बाद ४१२ धावा केल्या आणि डेन्मार्कचा डाव ४९ धावांत संपला. म्हणजे एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक आपल्या कलानगरच्या शेजारी झाले आणि मुंबईला त्याचा पत्ताही नव्हता.

डेन्मार्क दुबळा संघ होता, हा आक्षेप मला आधीच ठाऊक आहे. त्यावर माझे उत्तर असे, की मग तोच निकष सर्वांना लावा. १९७५ च्या विश्वचषकात ग्लेन टर्नरने नाबाद १७१ धावांचा विक्रम केला तो पूर्व आफ्रिकेविरुद्ध, आणि हेडनच्या ३८० धावा झिम्बाब्वेविरुद्ध. तिथे आपण प्रतिस्पर्ध्याचे नाव तळटीपेत टाकतो. क्लार्कच्या बाबतीत मात्र मूळ खेळीच तळटीपेत जाते. तिचा विक्रम वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. जून २०१८ मध्ये डब्लिनला न्यूझीलंडच्या अमेलिया करने आयर्लंडविरुद्ध नाबाद २३२ धावा करून तो मोडला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि त्याच सामन्यात तिने लेगस्पिन टाकून पाच बळीही घेतले.

महिलांच्या कसोटीतील विक्रमावर आपल्याकडचीही नावे आहेत. १९८६ मध्ये इंदूरच्या संध्या अग्रवालने इंग्लंडमध्ये १९० धावा करून, १९३५ पासून बेटी स्नोबॉलच्या नावावर असलेला १८९ धावांचा विक्रम मोडला. २००२ मध्ये टाँटनला एकोणीस वर्षांच्या मिताली राजने २१४ धावा केल्या, तोही तेव्हाचा विश्वविक्रम. दोन वर्षांनी कराचीत किरण बलूचने २४२ धावा काढल्या आणि तो आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही.

मिडऑन

वांद्रे पूर्व यांच्या प्रतिसादाला जोडून पुरुषांच्या एकदिवसीय विक्रमाचा प्रवास मांडतो, कारण त्यातून मूळ प्रश्नाला वेगळे उत्तर मिळते. इथे डाव घोषित करण्याची सोयच नाही. षटके ठरलेली, त्यामुळे फलंदाजाचा झगडा कर्णधाराशी नसून उरलेल्या चेंडूंशी आणि समोरच्या टोकाला टिकणाऱ्या जोडीदाराशी असतो.

१८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला भारताचे ५ गडी १७ धावांत गेले होते. तिथून कपिल देवने नाबाद १७५ धावा केल्या, त्यात सय्यद किरमाणीबरोबर नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभंग भागीदारी होती, आणि किरमाणीच्या धावा होत्या २४. टर्नरचा विक्रम मोडणाऱ्या या खेळीचे दूरचित्रवाणीवर चित्रणच झाले नाही. वर्ष उलटण्याआधी, ३१ मे १९८४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर व्हिव्ह रिचर्ड्सने नाबाद १८९ धावा केल्या. वेस्ट इंडिज ९ बाद १६६ असताना मायकेल होल्डिंग आला, शेवटच्या गड्यासाठी १०६ धावा जोडल्या गेल्या, आणि त्यांत होल्डिंगच्या १२. या दोन्ही खेळींत जोडीदार एका धावेत गेला असता तर आज आपण वेगळीच नावे घेत असतो.

त्यानंतर २१ मे १९९७ रोजी चेन्नईला सईद अन्वरने १९४ धावा केल्या. उकाड्याने त्याच्या पायांत गोळे आले होते, त्याच्यासाठी शाहिद आफ्रिदी धावत होता. अखेर सचिनच्या चेंडूवर गांगुलीने झेल घेतला आणि द्विशतक सहा धावांनी हुकले. २००९ मध्ये बुलावायोत झिम्बाब्वेच्या चार्ल्स कॉव्हेंट्रीने बांगलादेशविरुद्ध नाबाद १९४ धावा करून बरोबरी साधली, पण तमिम इक्बालच्या १५४ धावांमुळे त्याचा संघ सामना हरला. मग ग्वाल्हेरला सचिन नाबाद २००, डिसेंबर २०११ मध्ये इंदूरला सेहवाग २१९, आणि १३ नोव्हेंबर २०१४ रोजी ईडन गार्डन्सवर रोहित शर्मा २६४. बरोबरी सोडली तर १९९७ पासून हा विक्रम प्रत्येक वेळी भारताच्याच भूमीवर मोडला गेला आहे. याउलट धावफलक यांच्या यादीतील अकरापैकी एकही कसोटी भारतीय उपखंडातील नाही.

नियमांचाही विचार करावा लागेल. ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू आला, त्यामुळे चेंडू जुना होऊन उलटा स्विंग होण्याची शक्यता जवळपास संपली. २०१२ च्या अखेरीपासून २०१५ च्या मध्यापर्यंत वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवता येत. रोहितच्या २०९ आणि २६४, तसेच २०१५ च्या विश्वचषकातील गेलच्या २१५ आणि गप्टिलच्या नाबाद २३७ या खेळी त्याच काळातल्या आहेत. सचिनच्या वेळी यांपैकी एकही सवलत नव्हती आणि तो छत्तीस वर्षांचा होता. दोनशे विरुद्ध दोनशे चौसष्ट अशी सरळ वजाबाकी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

साहेबांचा खेळ

रोहितच्या बाबतीत नियमांपेक्षा थिसारा परेराचे हात अधिक महत्त्वाचे ठरले. रोहित चार धावांवर असताना थर्डमॅनला त्याने सोपा झेल सोडला. पहिल्या शतकाला शंभर चेंडू लागले, पुढच्या १६४ धावांना त्र्याहत्तर. श्रीलंकेचा संपूर्ण संघ २५१ धावांत बाद झाला, म्हणजे एकट्या रोहितपेक्षा तेरा कमी.

अशा जीवदानांची यादी काढली तर विक्रमांचा निम्मा इतिहास त्यात येईल. हटन चाळीसवर असताना ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक बार्नेटकडून यष्टिचीत करण्याची संधी हुकली. १९९० मध्ये लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच छत्तीसवर असताना आपल्या किरण मोरेच्या हातून झेल निसटला आणि गूचने ३३३ धावा केल्या. आणि १९९४ मध्ये सोबर्सचा विक्रम मोडणारा पूलचा चौकार मारताना लाराचा पाय यष्टीला लागला होता. यष्टीवरची बेल हलली आणि खाचेत पुन्हा बसली. ती खाली पडली असती तर विक्रम तीनशे पासष्टवर बरोबरीतच राहिला असता, आणि अभिनंदनासाठी मैदानात आलेल्या सोबर्सला काय बोलावे हे सुचले नसते.

कोल्हापूरकर

धाग्याचा विषय आंतरराष्ट्रीय खेळींचा आहे, तरी कर्णधाराच्या निर्णयाची गोष्ट निघाल्यावर भाऊसाहेब निंबाळकरांचे नाव न घेणे बरोबर होणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात ते ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावांचा प्रथम श्रेणीचा विश्वविक्रम दहा धावांवर आला होता. विश्रांतीच्या वेळेत काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला आणि संघ घेऊन ते निघून गेले. आपल्या कर्णधाराने डाव घोषित केल्यामुळे विक्रम हुकलेले अनेक असतील. प्रतिस्पर्धी कर्णधाराने खेळायलाच नकार दिल्यामुळे हुकलेला मला तरी हा एकच माहीत आहे. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही.

आता भारतीय विक्रमाकडे. १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर लाला अमरनाथांनी ११८ धावांचे पहिले शतक केले. १९५१ च्या दिल्ली कसोटीत विजय मर्चंट यांनी चाळिशीत १५४ धावा केल्या आणि त्याच डावात आमच्या शेजारच्या सांगलीच्या विजय हजारे यांनी नाबाद १६४ करून त्यांना मागे टाकले. मर्चंट यांची ती शेवटची कसोटी ठरली. १९५५ मध्ये हैदराबादला पॉली उम्रीगरने २२३ धावांचे पहिले भारतीय द्विशतक केले. जानेवारी १९५६ मध्ये मद्रासला विनू मंकडने २३१ धावा केल्या आणि हा आकडा जवळपास अठ्ठावीस वर्षे टिकला.

तो मोडणारी गावसकरची नाबाद २३६ धावांची खेळी मला या सर्वांत उजवी वाटते. डिसेंबर १९८३, पुन्हा मद्रास, समोर वेस्ट इंडिज. सलामीला न जाता चौथ्या क्रमांकावर खेळायचे ठरवलेला गावसकर मैदानात आला तेव्हा फलकावर धावा शून्य आणि बाद दोन असे होते. माल्कम मार्शलने गायकवाड आणि वेंगसरकर या दोघांनाही भोपळा फोडू दिला नव्हता. ते गावसकरचे तिसावे शतक, म्हणजे ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांचा विक्रमही त्याच डावात गेला. पुढे २००१ मध्ये लक्ष्मण २८१ आणि मग सेहवाग ३०९ व ३१९. गावसकरनंतरच्या या तिन्ही खेळी मोठ्या आहेतच, पण मार्शल आणि होल्डिंग यांच्यासमोर शून्यावर दोन बाद असताना उभे राहणे ही बाब वेगळी.

धावफलक

उत्तम प्रतिसाद आले. ऑफस्पिन यांचा मुद्दा मान्य आहे. मिडऑन यांच्या प्रतिसादामुळे मात्र मला एक जुना मापदंड पुन्हा मांडावासा वाटतो. एकूण आकड्याऐवजी संघाच्या धावांतील वाटा पाहिला, तर कसोटीतील विक्रम १८७७ पासून हललेलाच नाही. बॅनरमनने केलेल्या १६५ धावा ऑस्ट्रेलियाच्या २४५ पैकी होत्या, म्हणजे ६७ टक्क्यांहून थोड्या जास्त. त्या डावात त्याच्याखालोखाल सर्वाधिक धावा होत्या १८. जानेवारी १९९९ मध्ये सिडनीला मायकेल स्लेटरने १८४ पैकी १२३ धावा करून त्याच्या जवळ धडक मारली, पण तोही मागेच राहिला. एकदिवसीय सामन्यांत रिचर्ड्सच्या १८९ धावा २७२ पैकी होत्या, जवळपास साडेएकोणसत्तर टक्के. लाराच्या चारशे धावा याच हिशेबाने ५३ टक्के भरतात आणि हटनच्या ३६४ केवळ चाळीस टक्के. यात कर्णधाराची मेहेरबानी चालत नाही, कारण डाव लांबला की सहकाऱ्यांच्या धावाही वाढतात.

तिसरी स्लिप

वाट्याचा मापदंड रंजक आहे, पण त्यात दुबळ्या सहकाऱ्यांचे बक्षीस फलंदाजाला मिळते, हे विसरू नये.

मूळ प्रश्न मल्डरचा होता, त्यावर लिहितो. मल्डर पहिल्या दिवसअखेर २६४ वर होता, ३३४ चेंडूंत ३६७ पर्यंत पोहोचला आणि ज्या गतीने खेळत होता ती पाहता ३४ धावांसाठी त्याला अर्धा तास पुरेसा होता. सामना दक्षिण आफ्रिकेने एक डाव आणि २३६ धावांनी, तिसऱ्याच दिवशी जिंकला. म्हणजे वेळेची अडचण तिळमात्र नव्हती. लारासारख्या खेळाडूच्या नावावरच हा विक्रम शोभतो, असे कारण त्याने स्वतः दिले. नंतर खुद्द लारानेच त्याला प्रयत्न करायला हवा होता असे सांगितल्याचेही त्याने कळवले. १९९८ मध्ये पेशावरला मार्क टेलरने ब्रॅडमनच्या ३३४ ची बरोबरी होताच रात्रीत डाव घोषित केला, त्याला निदान सामना जिंकण्याचे निमित्त होते. मल्डरचा आदर मी समजू शकतो, पण मला तो पटत नाही. सोबर्सचा विक्रम मोडताना लाराने कोणाची परवानगी मागितली नव्हती आणि सोबर्सला ते लागलेही नाही.

मिडऑन

सहमत नाही. समोर झिम्बाब्वे, पहिल्यांदाच हाती आलेले कर्णधारपद, आणि मैदानावर वाट पाहणारे गोलंदाज. हेडनने हाच विक्रम याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केला तेव्हा वर्षानुवर्षे त्याला त्याबद्दल ऐकून घ्यावे लागले. मल्डरने ती कटकट टाळली, इतकेच.

साहेबांचा खेळ

ट्वेंटी-२० कोणी काढले नाही, म्हणून दोन ओळी. जुलै २०१८ मध्ये हरारेला आरॉन फिंचने ७६ चेंडूंत १७२ धावा केल्या आणि त्याला ना गोलंदाजाने बाद केले ना क्षेत्ररक्षकाने. शेवटच्या षटकात मागे सरकून फटका मारताना बॅट यष्टींवर आदळली. आधीचा १५६ धावांचा विक्रमही त्याचाच. महिलांमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या लुसिया टेलरने चिलीविरुद्ध १६९ धावा केल्या. सर्व सदस्य देशांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिल्यापासून या प्रकारातील विक्रमांच्या याद्या वाचताना शेजारी नकाशा ठेवावा लागतो.

वांद्रे पूर्व

चारशेचा विक्रम मोडेल का, यावर कोणी लिहिले नाही. सेहवागला डिसेंबर २००९ मध्ये ब्रेबर्नवर ती संधी होती. श्रीलंकेविरुद्ध दुसऱ्या दिवसअखेर तो २८४ वर नाबाद होता, सबंध धावा एकाच दिवसातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधरनने स्वतःच्याच चेंडूवर त्याचा झेल घेतला तेव्हा फलकावर २९३ होते, आणि तिसऱ्या त्रिशतकासाठी आलेले मैदान एकदम गप्प झाले.

धावफलक

सेहवागला कर्णधाराने अडवले नसते, याची मला खात्री आहे. तो स्वतःच थांबणारा नव्हता. माझ्या मते आता गतीचा प्रश्न उरलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलतानला हॅरी ब्रुकने ३२२ चेंडूंत ३१७ धावा केल्या आणि इंग्लंडने ७ बाद ८२३ वर डाव घोषित करूनही सामना डावाने जिंकला. चारशेसाठी लाराला ५८२ चेंडू लागले होते, मल्डरच्या गतीने ते काम पावणेचारशे चेंडूंत होते. म्हणजे ज्याला विक्रम हवा आहे त्याने आणि त्याच्या कर्णधाराने ठरवले तर पाचव्या दिवसाची चिंता न करता तो करता येईल. २०१९ मध्ये ॲडलेडला वॉर्नर नाबाद ३३५ वर असताना टिम पेनने पावसाचा अंदाज पाहून डाव घोषित केला, तेव्हा लारा त्याच शहरात होता. वॉर्नरने आणखी एक तास मागितला असता तर पेनने काय केले असते, यावर एक वेगळा धागा निघू शकेल. तो तिसरी स्लिप यांनी काढावा.